माळ्यावरचा आठ एमएम प्रोजेक्टर: प्लग लावण्याआधी आणि लावल्यावर

रीळउलगडा
लग्न, बारसं, गणपती, महाबळेश्वरची सहल अशी छोटी छोटी रिळं आणि सोबत एक जड प्रोजेक्टर, हा ऐवज अजूनही बऱ्याच घरांच्या माळ्यावरून निघतो. मुंबईच्या चोरबाजारात आणि पुण्यात रविवार-बुधवारच्या जुन्या बाजारातही ही यंत्रं दिसतात. घरी आणल्या आणल्या प्लग लावून रीळ चढवायचा मोह होतो आणि नुकसान तिथेच होतं. यंत्र बिघडलं तर दुरुस्त होईल, नाहीतर दुसरं मिळेल. घरगुती फिल्म मात्र बहुतेक वेळा रिव्हर्सल असते: कॅमेऱ्यात घातलेली तीच फिल्म डेव्हलप होऊन परत यायची. निगेटिव्ह नाही, दुसरी प्रतही नाही. हे डोक्यात ठेवूनच हा धागा वाचावा.

आधी गेज, म्हणजे फिल्मचं माप, ओळखा. साधी आठ एमएम (रेग्युलर एट, 1932) आणि सुपर एट (1965), दोन्ही फिल्म 8 मिमी रुंद, त्यामुळे गफलत होते. फरक छिद्रांत आहे. साध्या आठचं छिद्र मोठं, 1.83 × 1.27 मिमी, आणि दोन चित्रांच्या मधल्या रेषेवर. सुपर एटचं छिद्र बारीक, 0.91 × 1.14 मिमी, आणि चित्राच्या मध्यावर. दोन छिद्रांमधलं अंतरही वेगळं आहे: साध्यात 3.81 मिमी, सुपरमध्ये 4.23. म्हणून एकाचं रीळ दुसऱ्याच्या यंत्रात घातलं की क्लॉ (छिद्रात घुसून फिल्म ओढणारा आकडा) दर चित्राला चुकीच्या जागी घुसतो आणि छिद्रं फाटत जातात. रिळाचं मधलं भोकही बघा. सुपर एटचं साधारण 12.7 मिमी असतं, साध्याचं बरंच लहान. पण रिळावर विसंबू नका, फिल्म भलत्याच रिळावर गुंडाळलेली असू शकते. खात्री छिद्र बघूनच.

दोन्ही चालवणारी ड्युअल यंत्रं येतात. त्यांत गेज बदलायचा खटका किंवा बदलायचे भाग असतात. विकत घेताना ते सगळे सोबत आहेत का ते आधी बघा.

फिल्मच्या मधोमध छिद्र असेल तर ती पाथे कंपनीची 9.5 मिमी फिल्म. तिला वेगळंच यंत्र लागतं.

तारयंत्र
उत्तम सुरुवात. विजेचा भाग मी लिहितो.

1. व्होल्टेजची पट्टी वाचा. युरोपीय यंत्रांवर 110 ते 240 असा सिलेक्टर असतो, तो 220 किंवा 240 वर आहे का बघा. आपल्याकडे 230 येतात, पण रात्री उशिरा ते चढतात, म्हणून 240 चा खाचा असेल तर तोच ठेवा. दिवा किंचित मंद लागेल आणि जास्त टिकेल.

2. वायर बदला. जुनं रबरी आवरण वाकवलं की तडकतं. यंत्राचं अंग धातूचं असेल तर तीन तारांची वायर घालून अर्थ जोडा. मात्र एक धोका आहे. काही यंत्रांत मोटरचंच वाइंडिंग ऑटो-ट्रान्सफॉर्मरसारखं वापरून दिव्याला कमी व्होल्टेज दिलेलं असतं. दिवा 12 व्होल्टचा आहे म्हणून त्याचं सॉकेट मेनपासून सुटं असेल असं धरू नका. प्लग काढल्याशिवाय दिव्याला हात नाही.

3. मेनवर आडवा बसवलेला विजेतली खरखर रोखणारा कपॅसिटर बघा. जुने कागदी कपॅसिटर आतून दमट होतात, कवचाला चिरा पडतात आणि चालू केल्यावर काही मिनिटांत फाटून खोलीभर घाण धूर करतात. चीर दिसली नाही तरी काढा. तेवढ्याच क्षमतेचा, बहुधा 0.1 मायक्रोफॅरड, 275 व्होल्ट एसी, 'एक्स-2' वर्गाचा नवा लावा. साधा डीसी कपॅसिटर तिथे चालत नाही.

4. पहिल्यांदा सिरीज बोर्डवर. प्रोजेक्टरचा दिवा काढून ठेवा आणि 100 वॅटच्या तारेच्या बल्बमधून वीज द्या, एलईडी नको. बल्ब मिणमिणला आणि मोटर हळू फिरली किंवा नुसती हलली, तर ठीक. बल्ब पूर्ण प्रखर पेटला तर आत शॉर्ट आहे. पुढे जाऊ नका.

कोकणकडा
मोटर फक्त घुमते, फिरत नाही. हाताने ढकलली की फिरायला लागते. मोटर गेली का?

तारयंत्र
बहुतेक नाही. ढकलल्यावर फिरते म्हणजे वाइंडिंग जिवंत आहे. मोटरला जोडलेला कपॅसिटर कमजोर झालाय. त्याच्यावर लिहिलेल्या मायक्रोफॅरडचा, त्याच किंवा जास्त एसी व्होल्टेजचा रन-कपॅसिटर घ्या. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात मिळतो.

पण त्याआधी प्लग काढून पुढची गोल नॉब हाताने फिरवून बघा. यंत्र जड फिरत असेल तर दोष कपॅसिटरचा नाही, सुकलेल्या वंगणाचा आहे. घुमणारी मोटर अर्धा मिनिट जरी तशीच ठेवली तरी तापते, म्हणून लगेच बंद करा.

मिलिमीटर
वंगणाबद्दल सविस्तर, कारण यातच सगळ्यात जास्त चुका होतात.

पन्नास वर्षांत ग्रीसचं मेण होतं. त्यावर नवं तेल ओतलं तर ते वरून वाहून शटरवर (उजेड झाकणाऱ्या फिरत्या पात्यांवर), रबरी चाकावर आणि शेवटी फिल्मवर जातं. आधी जुनं ग्रीस काडीने खरवडून काढा, आयपीएने (99 टक्के आयसोप्रोपिल) पुसा, मग थोडं पांढरं लिथियम ग्रीस गिअर आणि कॅमला (क्लॉ हलवणाऱ्या वेड्यावाकड्या चाकाला). ज्या दांड्यांच्या बुशांना (दांडी ज्यात फिरते त्या नळ्यांना) तेलाची भोकं आहेत तिथे शिलाई मशीनचं तेल, सुईच्या टोकाने एक थेंब. क्लॉच्या कॅमशेजारी बहुतेक वेळा नमद्याचा तुकडा असतो, त्याला दोन-तीन थेंब. बास. खोबरेल अजिबात नको, थंडीत थिजतं आणि नंतर चिकट होतं. गंज सोडवायचा स्प्रेही वंगण म्हणून वापरू नये. तो उडून जातो, आणि उरलेलं तेल बुशांमधून धुऊन नेतो.

गेट (दिव्यासमोरची, फिल्म जिथून सरकते ती खिडकी), प्रेशर प्लेट (फिल्म गेटला दाबून धरणारी पट्टी), स्प्रॉकेट (दातेरी चाक) यांना तेल कधीच नाही.

पट्टे: काळा रबरी पट्टा बोटाला डांबरासारखा लागला तर तो संपलाय. पुलीच्या खाचेतला सगळा डिंक आयपीए आणि लाकडी काडीने काढावा लागतो. उरला तर नवा पट्टा तिथेच घसरतो. माप जुन्या पट्ट्यावरून घेऊ नका, तो ताणलेला असतो. पुल्यांभोवती दोरा फिरवून लांबी मोजा आणि त्याहून 5 टक्के कमी घ्या. हायड्रॉलिकच्या दुकानातली नायट्राइल ओ-रिंग तात्पुरती चालते. पॉलियुरेथेनची गोल दोरी, टोकं गरम पात्यावर वितळवून जोडलेली, जास्त टिकते. जोडाचा फुगवटा ब्लेडने तासून टाका, नाहीतर दर फेरीला चित्र उडी मारतं. फार घट्ट पट्टा म्हणजे बुश झिजणार आणि मोटर तापणार.

युमिग कंपनीच्या बऱ्याच मॉडेलांत मुख्य पट्टाच नसतो, रबरी चाकाच्या घर्षणाने गती पुढे जाते. यंत्र वर्षानुवर्षं चालू स्थितीत दाबून ठेवलेलं असेल तर त्या चाकाला एका जागी चपटेपणा येतो. मग ठक-ठक आवाज आणि हेलकावणारा वेग. बारीक, 600 नंबरच्या पॉलिश पेपरने चाक फिरतं ठेवून समान घासलं तर थोडा चपटेपणा जातो. रबर मऊ, चिकट झालं असेल तर चाकच बदलायचं.

निळासावळा
दिव्याचं काय? खालच्या गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात 12 व्होल्ट 50 वॅटचा रिफ्लेक्टरवाला हॅलोजन मिळतो, दिसायला तसाच.

तारयंत्र
तो नको. दुकानाच्या शोकेससाठीचा दिवा प्रकाश पसरवतो. प्रोजेक्टरच्या दिव्याचा रिफ्लेक्टर प्रकाश गोळा करून बरोबर गेटवर, म्हणजे नखाएवढ्या खिडकीवर आणतो. पिनाही वेगळ्या: शोकेसचा 5.3 मिमी अंतराचा, प्रोजेक्टरचा 6.35.

दिव्यावर तीन अक्षरांचा कोड असतो, तोच मागायचा. पुष्कळ सुपर एट यंत्रांत ईएफपी, 12 व्होल्ट 100 वॅट. एल्मो एसटी-1200 एचडीसारख्या मोठ्या यंत्रात ईएफआर, 15 व्होल्ट 150 वॅट. हे दोन्ही आकाराने सारखे आणि एकमेकांच्या सॉकेटमध्ये बसतात. 15 व्होल्टच्या जागी 12 चा लावला तर लखलखीत पेटून लवकर मरतो. उलट केलं तर पिवळट, मंद चित्र. बोलेक्स 18-5 सारख्या छोट्या यंत्रात 8 व्होल्ट 50 वॅटचा दिवा असतो.

पन्नाशीच्या दशकातल्या अनेक अमेरिकी यंत्रांत 300 ते 750 वॅटचे, थेट 110-120 व्होल्टवर चालणारे दिवे. ते महाग आणि दुर्मीळ झालेत. यंत्र घेण्याआधी दिवा मिळतो का ते शोधा, मगच भाव करा.

आणि पंखा. पंखा फिरत नसेल तर दिवा लावायचाच नाही.

एडिसनकर
इथून (न्यू जर्सी) यंत्र भारतात नेणाऱ्यांसाठी. फक्त स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घेऊन भागत नाही. इथली वीज 60 हर्ट्झ, तिथली 50. एसी इंडक्शन मोटर त्याच प्रमाणात मंदावते: 18 चा वेग (सेकंदाला 18 चित्रं) 15 होतो, 24 चा 20. मूक फिल्ममध्ये माणसं जरा रेंगाळतात एवढंच, पण आवाजाच्या फिल्ममध्ये गाणं खर्जात जातं. काही यंत्रांत मोटरच्या पुलीला दोन टप्पे असतात. 50 हर्ट्झसाठी पट्टा मोटरच्या मोठ्या टप्प्यावर घ्यायचा. नंतरच्या डीसी मोटरच्या यंत्रांना ही अडचण नाही. ट्रान्सफॉर्मर दिवा अधिक मोटर यांच्या वॅटच्या दीडपट घ्या. 500 वॅटच्या दिव्याला 1000 व्हीएचा बरा.

कोकणकडा
आमच्याकडे फिल्मच्या डब्याला आंबट वास येतो. शिवाय पांढरे डाग. रीळ पेट घेईल अशी भीती घरात घातली गेलीय.

रीळउलगडा
पेट घेणारी ती नायट्रेट, सिनेमागृहातली जुनी 35 मिमी. 8 मिमी आणि सुपर एट सुरुवातीपासून सेफ्टी बेसवर आहेत. ती भीती सोडा.

वास मात्र गंभीर आहे. अॅसिटेट बेस कुजून अॅसिटिक आम्ल सुटतंय, म्हणजेच व्हिनेगर सिंड्रोम. हे आम्लच पुढची कूज वाढवतं आणि शेजारच्या रिळांनाही लागतं. ते रीळ आज वेगळं काढा. घट्ट प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, वाफ आत कोंडते. उष्णता आणि दमटपणा ही कारणं. 21 अंश आणि 50 टक्के आर्द्रतेला ताजी अॅसिटेट फिल्म साधारण 40 वर्षांत वास मारू लागते. कोकणातल्या पावसाळ्यात 30 अंश आणि 90 टक्क्यांना काय होत असेल ते समजून घ्या. कूज थांबवता येत नाही, थंड आणि कोरड्या जागी फक्त मंदावते. त्यामुळे अशा रिळाचं डिजिटायझेशन पहिलं.

आक्रसली आहे का ते मोजा. सपाट टेबलावर फिल्म न ताणता ठेवा, पहिल्या छिद्राच्या कडेपासून 101 व्या छिद्राच्या त्याच कडेपर्यंत. साध्या आठमध्ये 381 मिमी हवेत, सुपर एटमध्ये 423. तीन-साडेतीन मिलिमीटर कमी भरले तर आक्रसणं 0.8 टक्क्याच्या आसपास गेलंय. प्रोजेक्टर नको, क्लॉ छिद्रं फोडेल. अशा फिल्मसाठी स्प्रॉकेट नसलेला स्कॅनर लागतो.

पांढरे डाग बुरशीचे. ती जिलेटिन खाते आणि ते पाण्यात विरघळण्याजोगं करून ठेवते. म्हणून ओलं फडकं लावलं की डागाबरोबर चित्रही पुसलं जातं. आधी कोरडं, मऊ मखमली कापड. मग 99 टक्के आयपीए कापडावर थोडं घेऊन, टोकाच्या निरुपयोगी इंचभर भागावर तपासून, फिल्म हळूहळू त्यातून ओढा आणि पूर्ण वाळल्यावरच गुंडाळा. सॅनिटायझरचं 70 टक्केवालं चालणार नाही, त्यात पाणी आहे.

मिलिमीटर
+१. आणखी एक: चढवण्याआधी अख्खं रीळ हाताच्या रिवाइंडरवर, सुती मोजे घालून, कडेला बोट हलकं टेकवून एकदा फिरवा. फाटलेलं छिद्र आणि सुटलेला जोड बोटाला कळतो. जुन्या टेपचा डिंक बाजूला सरकून पुढच्या वेढ्याला चिकटलेला असतो, तो आयपीएने काढा.

जोडासाठी: फिल्म सिमेंट फक्त अॅसिटेटवर धरतं, कारण ते बेस विरघळवून एकजीव करतं. फुजीची सिंगल-8 (सुपर एटच्याच मापाची फिल्म) पॉलिएस्टर आहे, तिला टेपचाच जोड. ओळखायचं कसं? रीळ दिव्यासमोर आडवं धरून बाजूने बघा. पॉलिएस्टरच्या वेढ्यांतून उजेड आरपार येतो, अॅसिटेट काळोखा दिसतो. पॉलिएस्टर अडकली तर तुटत नाही, यंत्राचा एखादा भाग तोडते. तिथे जास्त लक्ष.

निळासावळा
ऑटो-थ्रेडिंगमध्ये (यंत्र फिल्म आपोआप ओढून घेतं तेव्हा) फिल्म आत जाते आणि गेटजवळ चुणीचुणी होऊन गोळा होते.

मिलिमीटर
दहापैकी नऊ वेळा टोक खराब असतं. लीडरचं (रिळाच्या सुरुवातीच्या कोऱ्या पट्टीचं) टोक यंत्रावरच्या कटरने कापा, कोपरे गोल राहिले पाहिजेत. वळलेलं असेल तर बोटांतून उलट्या दिशेने एकदा ओढून सरळ करा. पुढे 1 मीटर नवी पांढरी लीडर जोडलेली असेल तर मूळ चित्राला धक्काच लागत नाही. प्रत्येक रिळाला ती लावाच.

तरीही गोळा होत असेल तर गेट उघडा. इमल्शनची (फिल्मवरच्या चित्राच्या थराची) कठीण झालेली पापुद्री प्रेशर प्लेटवर बसलेली असते. लाकडी किंवा बांबूची काडी, टूथब्रश, आयपीए. पिन, ब्लेड, सुरी यांना हात लावू नका. गेटवर एक ओरखडा पडला की पुढच्या प्रत्येक रिळावर उभी रेघ येणार.

यंत्र तयार झालं की आधी टाकाऊ फिल्म चालवायची. तिचे पहिले 5 मीटर काळ्या कागदावर धरून भिंगातून बघा. नवे ओरखडे नाहीत, छिद्रांच्या कडा चेपलेल्या नाहीत, तरच घरचं रीळ.

रीळउलगडा
चालू असताना काय बिघडतं, थोडक्यात:

चित्र उभं पसरतंय, फडफडतंय: लूप (गेटच्या वर-खाली सोडलेला फिल्मचा ढिला वळसा) गेला. दिवा बंद करून लूप पुन्हा द्या, काही यंत्रांवर त्यासाठी खटका असतो. वारंवार जात असेल तर छिद्रं फाटलेली किंवा फिल्म आक्रसलेली.

फिल्म खाली जमिनीवर साठतेय: टेक-अपचा (फिल्म गुंडाळून घेणारं रीळ फिरवणारा) पट्टा. जुन्या यंत्रांत तो स्प्रिंगचा असतो. ढिला झाला तर दोन-तीन वेढे कापून पुन्हा अडकवा.

मध्येच चित्र थांबलं आणि तपकिरी फोड दिसला: फिल्म जळतेय. आधी दिवा बंद, मग मोटर. 'स्टिल' चा खटका फक्त ज्या यंत्रात उष्णता अडवणारी जाळी आपोआप मध्ये येते तिथेच वापरावा, आणि तिथेही थोडा वेळच.

सगळी फिल्म गुलाबी दिसते: यंत्राचा दोष नाही. प्रिंटमधला निळसर-हिरवा रंग उडालाय. विकत मिळणाऱ्या जुन्या रंगीत प्रिंटांत हे नेहमीचं. कोडॅक्रोम या कोडॅकच्या रंगीत फिल्मवर घरी चित्रित केलेली रिळं अंधारात ठेवली असतील तर अजून लखलखीत असतात. हे बघायला मात्र यंत्र हवंच. पडद्यावरचा कोडॅक्रोमचा लाल रंग स्कॅनमध्ये तसाच्या तसा उतरत नाही.

पडद्याचं गणित, सुपर एटसाठी: अंतर × 5.3 (फिल्मवरच्या चित्राची रुंदी, मिमी) ÷ लेन्सचं फोकल लेंग्थ. 4 मीटरवर 20 मिमी लेन्स म्हणजे 1.06 मीटर रुंद चित्र. 100 वॅटच्या दिव्याला एवढंच शोभतं. दुप्पट रुंद केलं की उजेड एक-चतुर्थांश.

एडिसनकर
भिंतीवर दाखवून मोबाइलने शूट करणाऱ्यांना पट्टे आणि लुकलुक येते. तीन पात्यांचं शटर 18 च्या वेगाला सेकंदाला 54 वेळा झाकतं, कॅमेरा 25 किंवा 30 वर असतो, जुळत नाही. वेग बदलता येत असेल तर 16⅔ वर आणा. तिप्पट म्हणजे 50. कॅमेरा 25 फ्रेम, शटर 1/50, फोकस आणि एक्स्पोजर हाताने लॉक. लुकलुक जाते.

फ्रेम-दर-फ्रेम स्कॅनर याहून चांगलाच. काही स्वस्त स्कॅनर 20 फ्रेमची फाईल देतात. 16 चं रीळ असेल तर एडिटिंगमध्ये वेग 80 टक्के, 18 चं असेल तर 90 टक्के करा. सुपर एटचं 50 फुटी रीळ 18 ला 3 मिनिटं 20 सेकंद चालतं, साध्या आठचं 16 ला 4 मिनिटं 10 सेकंद. फाईलची लांबी यावरून पडताळता येते.

निळासावळा
आवाजाच्या सुपर एट रिळात एका जागी तुकडा काढून जोड दिलाय. तिथे ओठ आणि आवाज जुळत नाहीत.

तारयंत्र
जुळणार नाहीत. कडेच्या तपकिरी चुंबकीय पट्टीवर आवाज चित्राच्या 18 फ्रेम पुढे असतो, म्हणून जोडानंतर एक सेकंद घोळ होतोच. साध्या आठमध्ये तर तो 56 फ्रेम पुढे असतो. निदान टेप त्या पट्टीवर येऊ देऊ नका, नाहीतर तिथे आवाज दबतो. आवाज सगळीकडेच घोगरा असेल तर हेड (चुंबकीय पट्टी वाचणारा भाग) आयपीएने पुसा. सतत घूं असेल तर अॅम्प्लिफायरचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेत.

कोकणकडा
शेवटची शंका. दुरुस्त झाल्यावर पावसाळ्यात पेटीत बंद ठेवावं की अधूनमधून चालवावं?

मिलिमीटर
चालवा. दोन महिन्यांतून एकदा, फिल्म न घालता 10 मिनिटं, शेवटची 2 मिनिटं दिवा लावून, म्हणजे आतली ओल जाते. ठेवताना खटका बंद स्थितीत, म्हणजे रबरी चाकावर दाब राहत नाही. सुटणारा पट्टा असेल तर एका पुलीवरून उतरवून ठेवा. मूळ पेटीचा आतला फोम भुगा होत असेल तर तो खरवडून फेकून द्या, तो कण कण गेटमध्ये जातो. लेन्स काढून वेगळ्या डबीत सिलिका जेलसोबत. जेलचे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर निळे होईपर्यंत परता, खिडकी उघडी ठेवून, आणि तो तवा पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका.